न गळणाऱ्या पिशवीतले बटाटे

४ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार करायला गेलो की परत सरळ व्हायला भिंत धरावी लागते, म्हणून उभ्याउभ्याच करतो, चालवून घे. फोन न करता पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोन लेकीने घेऊन दिलाय आणि ती आली की मी कोणाशी किती वेळ बोललो ते बघते. पत्र अजून कोणी बघत नाही.

गोष्ट अशी झाली. परवाच्या रविवारी मी गॅसवर दूध ठेवलं आणि मशीनवर बसलो. एक शिवण वाकडी गेली होती, ती उसवून परत घालेपर्यंत दुधाचं काय झालं ते तुला सांगायला नको. पातेल्याचा तळ बाहेरून होता तेवढाच आतून काळा झाला. नेमकी लेक दारात. तिने आधी गॅस बंद केला, मग खिडक्या उघडल्या आणि मग खिडकीतल्या तीन कुंड्यांकडे पाहिलं. कुंड्या तिनेच आणून दिल्या होत्या. त्यांत आता काड्या आहेत.

तिचं म्हणणं असं की ज्या माणसाला एक रोप जगवता येत नाही त्याने एकट्याने राहू नये. तिच्याकडची मागची खोली रिकामी आहे, तिथे मी जावं. माझं मशीन तिथे मावणार नाही, ते कोणाला तरी देऊन टाकू. ताई, देऊन टाकू म्हणाली. छत्तीस वर्षं मी त्या मशीनवर रेनकोट शिवले, तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा रेनकोटसुद्धा. शिवाय मागच्या खोलीला लागून जावईबापू सॅक्सोफोन शिकतात. चार वर्षं एकच गाणं शिकतायत आणि ते कुठलं गाणं हे अजून घरात कोणाला कळलेलं नाही.

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, काय वाट्टेल ते उगवून दाखवतो. तिने ओट्याखालच्या टोपलीतून कोंब आलेले तीन बटाटे काढले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "हे उगवा. वीस फेब्रुवारीला मी येते. पीक निघालं तर तुम्ही इथे, नाही निघालं तर तिकडे."

ती माझीच मुलगी आहे, शब्द मागे घेणारी नाही. मीही तिचाच बाप आहे. आता अब्रू, घर आणि मशीन, तिन्ही त्या तीन बटाट्यांवर आहे.

तुझ्या गॅलरीत बादल्यांत आणि पिंपांत बटाटे होतात. काय करायचं ते लगेच कळव. पिशवी मी शिवायलाही घेतली. ताडपत्रीचा जाड तुकडा शिल्लक होता. दुहेरी शिवण, शिवणीवर पट्टी, पट्टीवर मेण. थेंबभरही गळणार नाही.

तुझा,
गुंड्या


९ नोव्हेंबर

गुंड्या,

आशीर्वाद. चौथ्या वर्षी तू कोटाचं बटण गिळलंस आणि हे नाव पडलं. तेव्हापासून तुला सांगते आहे की हातात आलेली वस्तू आधी नीट बघावी, मग काय करायचं ते करावं.

बटाटा हे सोपं बाळंतपण आहे. मी एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, मला विचार. पिशवीत चार बोटं माती आणि कुजलेलं खत घाल. बटाटे डोळे वर करून ठेव, वर पुन्हा माती घाल. रोप वर आलं की आणखी माती लोट, शेंडा तेवढा उघडा ठेव. असं करत करत पिशवी भरायची. सकाळचं ऊन मिळालं पाहिजे. पाणी माती कोरडी लागली तरच द्यायचं.

आणि पिशवीच्या तळाला भोकं पाड. दहा-बारा तरी हवीत. हे विसरू नकोस.

लेकीवर रागावू नकोस. काळजी करणाऱ्या माणसाचा आवाज नेहमीच भांडल्यासारखा येतो. आपली आई आठव.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माती, खत, डोळे वर, ऊन, सगळं अक्षर न् अक्षर केलं. फक्त भोकांचं वाचून मला जरा बसावं लागलं.

अगं, मी आयुष्यभर भोकं बुजवली. भर पावसात उभं राहून माझे रेनकोट तपासून घ्यायचो. कारखान्याचा मुकादम म्हणायचा, याच्या शिवणीतून पाणी जायला परवानगी मागतं. आणि त्याच हातांनी नव्याकोऱ्या पिशवीच्या बुडाला भोसकायचं? उद्या कोणी बघितलं तर काय म्हणेल? भोकं मी पाडणार नाही. तुझ्या पिंपांना असतील, पिंपं काय, कोणीही बनवतं.

त्याऐवजी मी एक सुधारणा केली आहे. पिशवीच्या बाजूला झडप शिवली, तिला सात बटणं लावली आणि आतून रबराची पट्टी दिली. आता माती न उकरता आत बघता येतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि झोपण्याआधी एकदा बघतो. वरच्या कडेला कॉलरही लावली. गरज नव्हती, पण उघडी कड मला बघवत नाही.

पाणी तीन वेळा देतो. पाहुणा आला की आपण पाणी देतोच ना.

गुंड्या


२१ नोव्हेंबर

गुंड्या,

ऑपरेशन झालेल्या पेशंटचे टाके दिवसातून तीनदा उसवून आत काय चाललंय ते बघणारा डॉक्टर मी अजून पाहिला नाही. ती झडप बंद कर आणि बटणं शिवून टाक.

पाण्याचं असं आहे. आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावं, त्याला हौदात बसवू नये. भोकं पाड. तुझ्या मुकादमाने रेनकोटमध्ये बटाटे लावले नव्हते.

ताई


१० डिसेंबर

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण इकडे पिकाची इतकी देखभाल आहे की वेळ मिळत नाही. रोपं चांगली वीतभर झाली. पानं हिरवीगार आहेत. लेक दोनदा येऊन गेली, पण मी तिला गॅलरीत जाऊ दिलं नाही. म्हटलं, पिकाला दृष्ट लागते.

एक गंमत सांगतो. महिना झाला, रोज तीनदा पाणी घालतो, पण गॅलरीची फरशी ठणठणीत कोरडी आहे. एक थेंब नाही. हल्ली पोरं जे कोट घालतात ते दोन सरींत टपकायला लागतात. असो, आपण आपली टिमकी वाजवू नये.

वासही चांगला येतो, जरा उग्र आहे, पण तो खताचा असणार. खालचा सलूनवाला काल वर आला आणि घरात कोणी गेलंय का असं विचारत होता. मी म्हटलं, सगळे आहेत. घरात मी एकटाच, पण त्याने विचारलं म्हणून सांगितलं.

गुंड्या


१४ डिसेंबर

गुंड्या,

पत्र मिळालं. ज्या रोपांना पानं असतात त्यांना तसा वास येत नाही. वीतभर रोपांची गोष्ट तू मला सांगितलीस तशीच लहानपणी पाढे पाठ झाल्याची सांगायचास, अगदी त्याच सुरात.

झडप उघड आणि काय दिसतं ते उलट टपालाने खरं लिही. रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण पत्रात लिहिणार नाही.

ताई


१९ डिसेंबर

ताई,

रोपं नव्हती. एकही पान आलं नव्हतं. तुला लिहिताना वाटायचं की आज नाही तर उद्या येईलच, मग आधी लिहिलं तर काय बिघडलं.

तू रागावलीस तेव्हापासून झडप उघडली नव्हती, कालचं पत्र वाचून तिची बटणं काढली. सहाव्या बटणापर्यंत काही झालं नाही. सातवं काढलं आणि महिनाभराचं पाणी एकदम बाहेर आलं. ते माझ्या पायांवरून गॅलरीत, गॅलरीच्या नळीतून खाली आणि खाली सलूनवाल्याने उन्हासाठी फुटपाथवर ठेवलेल्या खुर्चीत गेलं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. अर्धी दाढी झाली होती. दोन मिनिटांत सलूनवाला हातात वस्तरा घेऊन माझ्या दारात उभा. मागे ते गिऱ्हाईक, एक गाल फेसाचा आणि एक गाल चिखलाचा.

पण माझं तोंड बघून सलूनवाल्याने वस्तरा मिटला. आत आला आणि काय झालं विचारलं. मी त्याला पिशवी दाखवली. बटाट्यांचा लगदा झाला होता, नुसती सालं राहिली होती. मी त्याला सगळं सांगितलं. दूध, मशीन, सॅक्सोफोन, सगळं. गिऱ्हाईकही बसून ऐकत होतं. जाताना तो म्हणाला की सॅक्सोफोन फार वाईट, त्याच्या साडूकडे होता.

ते गेल्यावर मी मशीनपुढे बसलो. काही शिवायचं नव्हतं, नुसता बसलो. ताई, मला इथून जायचं नाही. इथे कुठल्या खिळ्याला काय लटकवलंय ते मला डोळे मिटून कळतं. तिथे मी पाहुणा होईन, आणि बटाट्यांना मी पाहुणा म्हणून कसं वागवलं ते तू बघितलंसच.

मग उठलो आणि पिशवीला भोकं पाडली. बारा. नुसती भोकं उसवतात, म्हणून प्रत्येकाला पितळी रिंग ठोकून बसवली, ताडपत्रीला दोरीसाठी लावतो तशी. आता बारा रिंगा चमकतात. पाणी घालून बघितलं तर बाराही धारा सारख्या पडल्या.

अजून दोन महिने आहेत. काही होईल का? लेकीला यातलं काही कळवू नकोस.

गुंड्या


२३ डिसेंबर

गुंड्या,

सोबत पार्सल आहे. पाच बियाण्याचे बटाटे, लाल सालीचे, माझ्या गॅलरीतले. लवकर होणारी जात आहे, तरी दोन महिने कमीच. निघालं तर थोडं निघेल. प्रत्येकावर निळ्या पेनने वजन लिहिलंय, पन्नास ते साठ ग्रॅम. त्याचा तुला काही उपयोग नाही, पण एकतीस वर्षं हातात आलेल्या प्रत्येक बाळाचं वजन लिहिलं, आता बटाटा आला तरी पेन शोधते.

पाणी बोट मातीत घालून बघून दे. झडप शिवून टाक.

दुसरं असं की बाजारातून बटाटे आणून पिशवीत पुरायचा विचार तुझ्या डोक्यात येईल. आला नसेल तर हे वाचून येईल. तसं करू नकोस. खोटं पीक दाखवून राहिलास तर त्या घरात तुला चैन पडणार नाही.

तुझी लेक मला लिहिते. काय लिहिते ते तुला सांगणार नाही, जसं तुझं तिला सांगणार नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

या वेळी खरंच पानं आहेत. सलूनवाला साक्षीदार आहे. पाचातली तीन उगवली, दोन टिकली, आता माझ्या गुडघ्याला लागतात. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो वर येतो, बोट मातीत घालतो आणि मान हलवतो. बटाटा जमिनीखाली लागतो हे त्याला माहीत नव्हतं, त्याला वाटायचं वांग्यासारखा लटकतो. पण माणूस जिवाला लावून घेणारा आहे.

झडप शिवून टाकली. आत काय आहे ते देवाला ठाऊक. आठच दिवस राहिले. पीक म्हणजे किती बटाटे धरतात, असं काही ठरलेलं असतं का? लेकीने आकडा सांगितला नव्हता. परवा सहज बाजारातून चक्कर मारली. बटाटे नुसते बघितले.

लेक रविवारी आली होती. या वेळी मी तिला गॅलरीत जाऊ दिलं, पानं दाखवायची होती ना. मी चहा टाकला आणि जाग्यावरून हललो नाही, दूध नजरेखाली ठेवलं. ती बराच वेळ गॅलरीत बसून होती. आत आली ती थेट मोरीत आणि हात धूत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, कठड्याला धूळ फार. कठडा मी रोज पुसतो. मशीनकडे बघत होती, ताई. मापं घेत असेल, दारातून निघेल का म्हणून.

गुंड्या


१६ फेब्रुवारी

गुंड्या,

बाजारात नुसते बटाटे बघायला कोणी जात नाही.

जे निघेल ते निघेल. तू न आवडणारी बारा भोकं पाडलीस, मला त्याचंच कौतुक आहे. तुझ्याकडून चुकलं हे तू साठ वर्षांत पहिल्यांदा लिहून दिलंस, ते पत्र मी जपून ठेवलंय. वीस तारखेला लेकीशी भांडू नकोस. ती काय म्हणते ते आधी ऐक.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

काल पिशवी उलटी केली. तू जिथे बसली असशील तिथे नीट बस.

लेक दहाला आली. जावईबापूही आले, वाद्य घरी ठेवून. सलूनवाला, सहज आलोय असं म्हणत, कंगवा कानामागे लावून दारात उभा होता. मी गॅलरीत जुना रेनकोट पसरला, पानं कापली आणि पिशवी उपडी केली.

पहिल्यांदा चार बटाटे बाहेर आले. पिवळे, गुळगुळीत, मोठे. मी "अरे वा" म्हणालो. ताई, ते माझे होते. अठरा तारखेला आणले आणि पुरले. तू सांगितलं होतंस तरी केलं. दोन रात्री झोप लागली नाही, तेही तू सांगितलं होतंस.

लेक रेनकोटवर खाली बसली. तिने हाताने माती बाजूला केली आणि लाल बटाटे निघाले. एक, दोन, करत आठ निघाले, एकेक मुठीएवढा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, अरे, खरंच पीक आलं आणि मी मूर्खाने त्यात बाजारचे मिसळले. एक उचलून छातीशी धरला. मग उलटा करून बघितला. त्यावर निळ्या पेनने लिहिलेलं होतं, एकशे ऐंशी ग्रॅम.

दुसरा बघितला. एकशे पासष्ट. आठही बटाट्यांवर वजनं होती, तुझ्या अक्षरात. तुझा एकचा आकडा मी कुठेही ओळखतो, त्याची शेपटी तू कधी पुरी करत नाहीस.

मी लेकीकडे बघितलं. लेक कठड्याकडे बघायला लागली. एवढ्यात जावईबापूंनी मातीतून एक रताळं वर काढलं आणि हे कुठल्या जातीचं असं विचारलं. दारातून सलूनवाला म्हणाला, "ते माझं. मला वाटलं, मोठं असलं की बरं."

ताई, त्यावर लेक हसायला लागली. रेनकोटवर मातीत बसून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला कुठेच न्यायचं नव्हतं. मला फक्त रोज सकाळी घाबरायचं नव्हतं." त्या दिवशी रागात बोलून गेली, आणि मग मी हट्टाला पेटलो म्हणून तिलाही मागे येता येईना. तुला लिहिलं म्हणे तिने, की आत्या, बाबा हरले तर मी काय करू. आणि मी समजत होतो की ती मशीनची मापं घेते. लहानपणी ती मशीनवर डोकं ठेवून झोपायची ते आठवत होती, असं म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही मातीचाच होता.

मग ठरलं. मी इथेच राहायचं, मशीनसकट. सकाळी सातला दूध गॅसवर ठेवलं की तिला फोन लावायचा आणि दूध वर येईपर्यंत ठेवायचा नाही. आज पहिला दिवस होता. बोलता बोलता तिचंच दूध उतू गेलं. मी नुसती तारीख लिहून ठेवली.

आता खरी गोष्ट. सगळे आत गेल्यावर मी माती परत पिशवीत भरत होतो. एका मुळीला काहीतरी लोंबत होतं. लाल सालीचा बटाटा, कोटाच्या बटणाएवढा. त्यावर वजन नव्हतं. तो कोणी पुरलेला नाही, तो झाला होता. मी कोणाला हाक मारली नाही, जरा वेळ एकटाच त्याच्याकडे बघत बसलो. मग सगळ्यांना बोलावलं.

तो तुला पाठवतो आहे. त्याच्यासाठी छोटी पिशवी शिवली. तळाला एक भोक आहे, रिंगेसकट. या वेळी हातात आलेली वस्तू नीट बघितली आणि गिळली नाही, याची नोंद घ्यावी.

पण खोटं पीक दाखवू नकोस असं मला लिहून स्वतः लेकीकडे आठ बटाटे धाडणाऱ्या माणसाने काय ते उत्तर द्यावं.

गुंड्या


२७ फेब्रुवारी

गुंड्या,

तू खोटं करू नकोस असं मी लिहिलं होतं. मी करणार नाही असं कुठल्याही पत्रात लिहिलेलं नाही, काढून बघ. वजनं लिहिली हा मात्र हलगर्जीपणा झाला. पार्सल बांधून झालं तेव्हा पेन टेबलावर उघडंच होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रताळ्याचं काय केलंत? सलूनवाल्याला सांग, ते लटकत नाही, पण त्याचा वेल होतो. पुढच्या वेळी त्याला एक पिशवी शिवून दे.

तुझं पार्सल काल पोचलं. पिशवी उघडली, रिंग बघितली आणि हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. बटाटा काट्यावर ठेवला. नऊ ग्रॅम. एवढ्या लहानावर लिहायला जागा नाही, म्हणून वजन वहीत लिहिलं, खाली आईचं नाव विचारतात तिथे तुझं लिहिलं.

त्याला कोंब येईपर्यंत खिडकीत ठेवते, मग लावते. उद्या सकाळी सातला दूध ठेवशील तेव्हा लेकीला सांग, आत्याने तपासलं. वजन कमी आहे, पण बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप.

ताई